न चाखलेली कोळंबी

बंगालातल्या चुंचुड्यात प्राणतोष सरखेल मास्तर भूगोल शिकवतात हे ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांनाही ते जेवतात कसे हे पक्कं ठाऊक होतं. लग्नाच्या पंगतीत प्राणतोष बसला की वाढपी एकमेकांना डोळ्यांनी खुणावायचे आणि आचारी हात पुसत बाहेर येऊन उभा राहायचा. रुई माशाचं डोकं, मटणाचा रस्सा, वर दही, वर रसगुल्ले, आणि एवढं करून उठताना म्हणायचा, "आज जरा बेतानंच घेतलं."

त्याचं लग्नही जेवणावरच जमलं. काल्न्याला कुणाच्या तरी बारशाला तो जेवत असताना नीहारबालांनी स्वयंपाकघराच्या दारातून त्याला पाहिलं. मुलगा कुठे नोकरीला आहे, घर स्वतःचं की भाड्याचं, या चौकशा त्यांनी मागाहून केल्या. आधी शेजारच्या क्षमापिशीला, सगळ्या गल्लीच्या आत्याला, म्हणाल्या, "काटा कसा चोखतोय बघ. एक कण सोडत नाही. असा माणूस बायकोला छळायचा नाही, त्याला वेळच व्हायचा नाही." आणि आपली एकुलती एक पूरबी त्यांनी प्राणतोषला देऊन टाकली.

नीहारबालांचा नवरा फार लवकर गेला होता. पूरबी तेव्हा फ्रॉकमध्ये होती. तेव्हापासून त्यांनी माशाला जीभ लावली नव्हती. काल्न्याच्या त्या गल्लीत विधवेनं मासा खाणं म्हणजे नवऱ्याच्या फोटोवर थुंकण्यासारखं होतं, आणि क्षमापिशीचं नाक तर दोन भिंती ओलांडून वास घ्यायचं. पण खायचं नाही म्हणून रांधायचं नाही असं थोडंच आहे? माशाला नीहारबालांचाच हात, हे गल्लीत सगळे मानायचे. मासा शिजला की नाही ते त्या वासावरून ओळखायच्या, मसाला झाला की नाही ते तेल सुटल्याच्या आवाजावरून. मीठ मात्र नाक सांगत नाही, ते अंदाजानं. आणि अंदाज नेहमी चिमूटभर कमी पडायचा.

प्राणतोषला हे पहिल्याच घासाला कळलं होतं. ताटाच्या कोपऱ्यात मिठाची चिमूट वाढलेली असतेच, ती त्यानं गुपचूप रश्श्यात मिसळली आणि म्हणाला, "झकास, मा!" जावयानं सासूच्या हातच्या मिठात खोट काढायची म्हणजे काय गंमत आहे? पूरबीही बोलली नाही. शेजारीपाजारी तर फुकट खाणारे, ते कशाला बोलतात. अशी वर्षं गेली आणि मीठ कमीचं कमीच राहिलं.

आपल्याकडे जावयाचा मान अधिक महिन्यात, म्हणजे तीन वर्षांतून एकदा. इथे दर ज्येष्ठात जामाईषष्ठी. उकाड्यानं कुत्रीसुद्धा गटाराच्या कडेला जीभ काढून पडलेली असतात आणि जावईबापू नवं धोतर नेसून सासूसमोर मांडी घालून बसतात. सासू मनगटाला हळदीचा पिवळा दोरा बांधते, ताडपत्राच्या ओल्या पंख्यानं वारा घालते, "षाट, षाट, षाट" म्हणून इडापिडा घालवते, आणि मग तीच इडापिडा वाट्यांतून पुढ्यात मांडते. "नको" म्हणालात तर त्याचा अर्थ "लाजतोय, अजून वाढा." "पोट भरलं" म्हणालात तर "आवडलं नाही." पळवाट नाही.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी नीहारबालांनी मोठी कोळंबी आदल्या दिवशीच आणली. षष्ठीच्या पहाटे बाजारात चांगली कोळंबी उरतच नाही, सगळ्या गावाचे जावई एकाच दिवशी येतात ना. बादलीत बर्फ घालून ठेवली, पण बर्फाचं संध्याकाळीच पाणी झालं. सकाळी त्यांनी ती नारळाच्या दुधात शिजवली. त्या विधवा, म्हणून त्यांनी चाखली नाही. जावयाच्या आधी कुणी तोंड लावायचं नाही, म्हणून पूरबीनं चाखली नाही. ती कोळंबी चाखणारा पहिला माणूस प्राणतोष सरखेल.

पहिल्या घासाला नारळाच्या खालून काहीतरी वेगळंच आलं. अगदी किंचित. नाकानं जिभेला इशारा दिला, जिभेनं घशाला. पण समोर सासूबाई पंखा हलवत त्याच्या तोंडाकडे बघत होत्या, जणू शाळेचा निकाल लागणार आहे. प्राणतोषनं डोळे मिटले, वाटी रिकामी केली आणि म्हणाला, "मा, अशी कोळंबी मी जन्मात खाल्ली नाही!"

एका अर्थी ते खरंच होतं म्हणा.

चुंचुड्याला परतल्यावर पळता भुई थोडी झाली. ताप, मुरडा, उलट्या. शेवटी इस्पितळात नेऊन सलाइन लावलं. तपासणीत लांबलचक नावाचा कुठलासा जंतू निघाला. डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं होतंत?" पूरबीनं तोंड उघडलं, तेवढ्यात पलंगावरून प्राणतोष म्हणाला, "रस्त्यावरचं काहीतरी." डॉक्टर गेल्यावर त्यानं बायकोचा हात धरला. "तुझ्या आईला कळता कामा नये. कळलं तर ती पुन्हा चुलीपाशी बसायची नाही. तिच्याकडे दुसरं आहे काय?"

"आणि तुमच्याकडे?" पूरबी म्हणाली. "तुमच्याकडे तरी पोटाशिवाय काय होतं?" आणि डोळे पुसून तिनं शपथ घेतली.

जंतू गेला. औषधांनी तो कधीच गेला. पण पोट काही परत आलं नाही. कधी तीन दिवस दगड, कधी सकाळपासून धावाधाव, कधी पोट असं फुगायचं की धोतराची गाठ सुटायची. जेवलं की मुरडा, न जेवलं की गुरगुर. वर्गात मोसमी वारे शिकवताना मास्तर मधेच "वारे वळतात—" म्हणून जे निघायचे ते घंटा झाल्यावर उगवायचे. काटवा मार्गावरच्या लोकलला संडास नसतो, म्हणून तो स्टेशनं नावानं ओळखायचा सोडून सोयीनं ओळखू लागला: इथे आहे पण कुलूप असतं, इथे आहे पण दार नाही, इथे नाही पण मागे बांबूचं बन आहे.

बंगाल्यांत पोटाची गोष्ट काढायची म्हणजे आ वासलेल्या मगरीसमोर पाय सोडून बसणं. ज्याला त्याला उपाय ठाऊक. थानकुनीची पानं वाटून घ्या. बेलाचा मुरंबा घ्या. ओव्याचा अर्क घ्या. होमिओपथीवाले हलदारबाबू तासभर त्याचं बालपण विचारत बसले आणि साबुदाण्याएवढ्या गोळ्या देऊन म्हणाले, "कॉफी वर्ज्य." कॉफी तो पीतच नव्हता. मुख्याध्यापक म्हणाले, "मनाचं असतं हो हे, मन खंबीर ठेवा." प्राणतोषनं मन खंबीर ठेवलं, पोटानं त्याला विचारलंसुद्धा नाही. लग्नाच्या पंगतीत आता तो शिळ्या चेहऱ्यानं नुसता भात कालवत बसायचा आणि वाढपी पुढे निघून जायचे. याचंच त्याला जास्त लागलं.

शेवटी कलकत्त्याच्या डॉक्टर लाहिडीबाईंकडे गेला. बाईंनी सगळे कागद बघितले, पोट दाबून बघितलं आणि म्हणाल्या, "आतडं शाबूत आहे. घरात एकदा चोर शिरला होता ना? चोर गेला, पण घर अजून दचकतंय. नुसतं मांजर फिरकलं तरी ओरडतं."

"म्हणजे मनाचं नाही?"

"कोण म्हणतं मनाचं? आतड्याचंच आहे. जंतूनंतर काही जणांचं असं राहतं. जीव जात नाही, पण जीव खातं. साधं खा, तेल-दूध-कांदा बेतानं, आणि घाबरू नका. हळूहळू निवळेल. वर्षं लागतील कदाचित."

मनाचं नाही, एवढ्यानंच प्राणतोषला निम्मं बरं वाटलं. निम्मं मात्र पुढच्या जामाईषष्ठीला अडलं. त्या वर्षी त्यानं पेपर तपासायचे आहेत अशी सबब काढली आणि पूरबीला एकटीला पाठवलं. ती परत आली ती तोंड पाडून.

"आई पार वाळलीय. आणि नुसती रडते. म्हणते, जावयाला सगळं कळलं असणार, म्हणूनच तो येत नाही."

"काय कळलं असणार?"

"ते सांगत नाही. विचारलं की देवघरात जाऊन बसते."

प्राणतोषच्या तोंडचं पाणी पळालं. झालं! म्हाताऱ्या बाईला कोळंबीचा संशय आलाच. मग उपाय एकच: पुढच्या षष्ठीला जायचं, समोर येईल ते खायचं, दुसऱ्यांदा मागून घ्यायचं आणि तिच्या मनातला संशय मुळापासून उपटून टाकायचा.

"आणि पोट?" पूरबीनं विचारलं.

"पोट माझं आहे, मी बघेन."

"बघाल कसले, पळाल."

षष्ठीआधी आठवडाभर तो मऊ भात आणि कच्च्या केळ्यावर राहिला. निघताना गोळी घेतली, खिशात दुसरी ठेवली. काल्न्याला पोचला तेव्हा नीहारबाला दारातच उभ्या होत्या. गालांची हाडं वर आलेली, मनगटातून बांगडी असती तर निसटली असती. त्यांनी दोरा बांधला, वारा घातला, "षाट, षाट, षाट" म्हटलं. प्राणतोषला गलबलून आलं. या बाईसाठी कढईसुद्धा चावून खाल्ली असती त्यानं.

वाट्या मांडल्या गेल्या. लुच्या म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, वाफवलेली हिलसा, मटण, परवराचं कालवण, पायेस म्हणजे तांदळाची खीर, आंबा, लिची, संदेश. कोळंबी मात्र नव्हती.

"कोळंबी नाही, मा?"

नीहारबालांनी मान खाली घातली. "नाही मिळाली, बाबा."

गावात कोळंबीचे ढीग पडलेले त्यानं स्टेशनवरून येताना पाहिले होते. म्हणजे संशय नाही, खात्रीच! मग काय, प्राणतोष तुटून पडला. मीठ घालून घालून हिलसा संपवली, मटण दुसऱ्यांदा मागितलं, "वा मा, काय हात आहे!" म्हणत राहिला. पूरबी डोळे वटारत होती, तिच्याकडे बघितलंच नाही. आणि मटणाच्या दुसऱ्या वाटीशी आत काहीतरी उलटं फिरलं. गुर्रर्र. पंख्याच्या आवाजात खपलं. पुन्हा, जरा मोठ्यानं. तेवढ्यात सासूबाईंनी पंखा पूरबीच्या हातात दिला, "पायेसाला मुंग्या लागतील, बघून येते," म्हणाल्या आणि गेल्या. पायेसाची वाटी तर पुढ्यातच होती, पण तेवढा विचार करायला प्राणतोष मोकळा नव्हता. सासूबाई नाहीत हीच संधी! "हात धुवून आलो," म्हणून तो अर्ध्या ताटावरून उठला आणि परसात पळाला.

परसाच्या टोकाला फणस, फणसाच्या मागे संडास. त्यानं दार ढकललं. आतून कडी.

"कोण?" आतून आवाज आला.

प्राणतोष जागच्या जागी गारठला. "मी... प्राणतोष, मा."

जावयासमोर जिच्या डोक्यावरचा पदर कधी ढळला नव्हता, ती बाई आत, आणि पोटावर हात दाबून जावई बाहेर.

"तुम्ही जेवणावरून उठलात, बाबा?"

"हात धुवायला आलो."

"हात धुवायला हौद तिकडे आहे."

"हो, तो... सापडला नाही." या घरी तो कितीक वर्षं येत होता. मग फणसाला मिठी मारून तो हळूच म्हणाला, "मा, सावकाश होऊ द्या. पण जरा लवकर."

कडी निघाली. नीहारबाला पितळी तांब्या घेऊन, पदर हनुवटीपर्यंत ओढून, भिंतीला चिकटून बाहेर आल्या. प्राणतोष मान फिरवून, खेकड्यासारखा तिरका आत गेला. कडी लागली. बाहेर पावलं वाजली नाहीत. बाई तिथेच उभी होती.

"मा," आतून प्राणतोषनं विचारलं, "तुम्हाला हे कधीपासून?"

"तुम्ही आत आहात, मी बाहेर. तोंड दिसत नाही तोवर सांगून टाकते," नीहारबाला म्हणाल्या. "मी पाप केलं, बाबा. दोन वर्षांपूर्वी, षष्ठीलाच. तुम्ही म्हणालात अशी कोळंबी जन्मात खाल्ली नाही. मला वाटलं, असं काय करून बसलेय मी? सगळा जन्म रांधलं, एकदा बघावं तरी. तुम्ही दुपारचे आडवे झाला होतात, पूरबी भांडी घासत होती. कढईत एक उरली होती. मी खाल्ली."

आत प्राणतोषनं कान टवकारले.

"त्याच रात्रीपासून जे पोट धरलंय, ते आजतागायत. कुणाला सांगू? क्षमाला कळलं तर गावभर होईल. एकादश्या वाढवल्या, जगन्नाथाला नवस बोलले. काही उतारा नाही. पूरबीचे वडील वरून बघतायत ना, त्यांनीच शिक्षा केली. आणि गेल्या षष्ठीला तुम्ही आला नाहीत, तेव्हा म्हटलं, जावयाला कळलं, कढईत एक कमी होती."

"मा," प्राणतोषनं विचारलं, "कशी लागली ती?"

"जरा विचित्रच. म्हटलं, इतक्या वर्षांत मी चव विसरले असेन."

आतून हुंदका आला की हसू, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. "मा, तुम्हाला कुणी शिक्षा केली नाही. बर्फ वितळला होता. कोळंबी बिघडलेली होती. मीही तेव्हापासून असाच आहे. इस्पितळात होतो. आम्ही तुम्हाला सांगितलं नाही."

बाहेर तांब्या भिंतीवर आपटल्याचा आवाज आला.

"म्हणजे पाप नव्हतं?"

"नव्हतं, मा. जंतू होता."

"माझ्या चुलीवरची कोळंबी बिघडलेली?" नीहारबालांचा आवाज चढला. "त्यापेक्षा पाप परवडलं असतं! आणि तुम्हाला खाताना कळलं होतं?"

"किंचित."

"मग गिळलीत कशाला?"

"तुम्ही पंखा हलवत होता."

"आणि वर म्हणालात, जन्मात खाल्ली नाही!"

"ते खोटं नव्हतं, मा."

"तुमच्या त्या एका वाक्यावर मी कढईत हात घातला! दोन वर्षं देवापुढे नाक घासतेय मी! तोंड आहे ना तुम्हाला? का ते नुसतं खायलाच दिलंय देवानं?" असं रागानं बोलता बोलता त्यांचा आवाज चिरकला, आणि मग असा काही आवाज येऊ लागला की प्राणतोष घाबरून कडी काढून बाहेर आला. बाई तांब्या पोटाशी धरून, पदर खांद्यावर पडलेला, हसत होती. डोळ्यांतून पाणी घळाघळा आणि हसणं थांबेना. पंखा घेऊन धावत आलेली पूरबी दोघांकडे आळीपाळीनं बघत म्हणाली, "अहो, चाललंय काय हे? तिकडे मटणावर माशा बसल्यात!"

प्राणतोषनं सासूबाईंना लाहिडीबाईंकडे नेलं. बाईंनी त्यांनाही तेच सांगितलं: चोर गेला, घर दचकतंय, साधं खा. आणि फार अशक्तपणा आलाय म्हणून शिंगी माशाचं पातळ कालवण लिहून दिलं.

"विधवा आहे हो मी," नीहारबाला पुटपुटल्या.

"आतड्याला ते ठाऊक नाही," लाहिडीबाई म्हणाल्या आणि पुढच्या रोग्याला बोलावलं.

कालवणाचं नाव नीहारबालांनी वर्षभर काढलं नाही. मग पुन्हा ज्येष्ठ आला. ताटाभोवती वाट्या तितक्याच, पूर्वीसारख्या चंद्राकार. एकीत मऊ भात, एकीत कच्च्या केळ्याचं कालवण, एकीत थानकुनीची वाटलेली पानं, एकीत पपई, एकीत बेलाचा मुरंबा, एकीत भाताची पेज, आणि मधोमध शिंगीचं पातळ, आलं-जिऱ्याचं कालवण. क्षमापिशी कुंपणावरून डोकावून म्हणाली, "अगबाई, जावयाला आजाऱ्याचं जेवण?"

"माझा जावई, माझं जेवण," नीहारबाला म्हणाल्या. "तुझ्या जावयाला तू घाल तळून." आणि परसाचं दार त्यांनी आपटून लावलं.

दोरा झाला, पंखा झाला, "षाट, षाट" झालं. प्राणतोष मात्र घासाला हात लावीना. "तुमचं ताट, मा?"

"मी मागाहून."

"डॉक्टरांनी लिहून दिलंय." त्यानं पूरबीकडून दुसरं ताट मागवलं, शेजारी मांडलं, आणि शिंगीचा एक तुकडा स्वतःच्या हातानं त्यात वाढला. नीहारबालांनी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं, बंद दाराकडे बघितलं. मग त्या हळूच खाली बसल्या, भात कालवला आणि घास तोंडात ठेवला. चावता चावता थांबल्या.

"मीठ कमी आहे."

पूरबी मिठाच्या वाटीकडे बघू लागली.

"आजच कमी आहे, की नेहमीच असतं?"

प्राणतोषच्या ओठांवर "झकास, मा" आलंच होतं. त्यानं ते गिळलं. "नेहमीच, मा. पहिल्या षष्ठीपासून."

"इतकी वर्षं? आणि सगळ्या गल्लीत कुणाला वाचा नव्हती?" नीहारबालांनी मिठाची वाटी ओढली, आधी जावयाच्या कालवणात चिमूट टाकली, मग स्वतःच्या. पुन्हा एक घास घेतला. सावकाश, डोळे मिटून खाल्ला. मग ताट पूरबीकडे सरकवून म्हणाल्या, "आता जमलं. दे, अजून एक तुकडा दे."